परतीची रक्कम सांभाळताना : सिग्नेटवरील सरावाची नोंद

या वेळच्या सरावात आम्ही एकच प्रश्न हाती घेतला होता : बिटकॉइन पाठवताना आपली गुप्तता नेमकी कोणत्या क्षणी हातची जाते? आजवरच्या प्रयोगांवरून माझे मत असे झाले आहे की, सर्वांत मोठी गळती परतीच्या रकमेतून, म्हणजे खर्चातून उरून आपल्याकडेच परत येणाऱ्या रकमेतून होते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली नाणी एका व्यवहारात एकत्र आली आणि त्यातून उरलेली रक्कम पुढच्या खर्चात मिसळली, की पाळत ठेवणाऱ्याला फारसे काही शोधावेच लागत नाही.

सर्व प्रयोग सिग्नेटवर केले. हे बिटकॉइनचे सरावाचे जाळे आहे. तेथील नाण्यांना बाजारात किंमत नाही, परंतु व्यवहारांचे नियम मुख्य जाळ्यासारखेच आहेत. नोड, म्हणजे बिटकॉइनची खातेवही स्वतः तपासणारा संगणक, भुसावळला माझ्याकडे होता. जळगावच्या एका मित्राने एक्स्चेंजची, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीची भूमिका घेतली, चोपड्याच्या ताई दुकानदार झाल्या आणि धुळ्याच्या अप्पांनी पाळत ठेवण्याचे काम स्वीकारले. अप्पांना एवढेच सांगितले होते की, अमुक पत्त्यावर एक्स्चेंजने मला ४०,००० सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) पाठवले आहेत. बाकी सारे त्यांनी साखळीवरून, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीवरून वाचून काढायचे होते.

बिटकॉइनची खातेवही सातबाऱ्यासारखी उघडी आहे. गट क्रमांक ठाऊक असला की फेरफाराच्या नोंदी पाहत मागे मागे जाता येते. येथे मालकाचे नाव तेवढे लिहिलेले नसते. पण एका नोंदीला नाव चिकटले की तिच्या मागच्यापुढच्या नोंदीही बोलू लागतात.

पहिला व्यवहार मुद्दाम साधा, जसा बहुतेक जण करतात तसाच केला. ताईंना ६०,००० सॅट द्यायचे होते. बिटकॉइनमध्ये आपल्याकडे आलेली प्रत्येक रक्कम हे एक वेगळे नाणे असते आणि ते संपूर्णच खर्च होते. वॉलेटने, म्हणजे नाणी सांभाळणाऱ्या ॲपने, एक्स्चेंजकडून आलेले ४०,००० चे नाणे आणि एका मित्राकडून वर्गणीपोटी आलेले ३५,००० चे नाणे अशी दोन्ही उचलली. व्यवहाराचा आकार सुमारे २२१ व्हर्च्युअल बाइट (शुल्क मोजण्याचे आकारमान) होता आणि दर बाइटला २ सॅट ठेवल्याने शुल्क ४४२ सॅट झाले. बाहेर पडणाऱ्या रकमा दोन : एक ६०,००० ची आणि दुसरी १४,५५८ ची.

अप्पांनी या एका व्यवहारावरून जे लिहून पाठवले, ते वाचण्यासारखे होते. दोन्ही नाणी एकाच व्यवहारात खर्च झाली, म्हणून ती बहुधा एकाच माणसाची असणार. त्यामुळे वर्गणीचे नाणेही माझेच, हे त्यांनी पहिल्याच ओळीत मांडले. ६०,००० ही शून्यांनी संपणारी ठोक रक्कम आहे, म्हणून तीच देय रक्कम असावी. शिवाय देय रक्कम १४,५५८ असती, तर दोनपैकी एकच नाणे पुरले असते आणि दुसरे उचलण्याचे कारणच नव्हते. आणि माझी दोन्ही नाणी टीबी१क्यू या अक्षरांनी सुरू होणाऱ्या प्रकारच्या पत्त्यांवर होती. ताईंनी दिलेला पत्ता टीबी१पी प्रकारचा, म्हणजे टॅपरूट या नव्या पद्धतीचा होता. १४,५५८ सॅट मात्र पुन्हा टीबी१क्यू पत्त्यावर गेले होते. परतीची रक्कम कोणती, हे तीन वेगवेगळ्या खुणांनी एकमुखाने सांगितले. यांपैकी प्रत्येक खूण अंदाजाचीच आहे, पण तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात तेव्हा शंकेला जागा उरत नाही.

यात नवे असे काहीच नाही. सातोशी नाकामोतो यांच्या २००८ च्या मूळ टिपणात प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली, म्हणजे पर्यायाने नवा पत्ता, वापरावी असे सांगितले आहे आणि अनेक नाणी एकत्र खर्च केल्यास ती एकाच मालकाची असल्याचे उघड होणे टाळता येत नाही, हेही तेथेच स्पष्ट म्हटले आहे. सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच स्वरूपाच्या खुणांवरून पत्त्यांचे मोठमोठे गट बांधून दाखवले. पण वाचलेले असणे वेगळे आणि आपल्याच व्यवहाराची अशी चिरफाड समोर येणे वेगळे; नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने हा खेळ एकदा तरी खेळावा असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या फेरीत वॉलेटला नाणी निवडू दिली नाहीत. स्पॅरो वॉलेटमध्ये प्रत्येक नाणे वेगळे दिसते, त्याला टिपण जोडता येते आणि नको असलेले नाणे गोठवून ठेवता येते. मी ६०,४०० सॅटचे एकच नाणे निवडले. एक आत, एक बाहेर असा व्यवहार सुमारे १२२ बाइटचा होतो, म्हणजे त्याच दराने २४४ सॅट शुल्क. उरले १५६ सॅट. टीबी१क्यू प्रकारच्या पत्त्यासाठी २९४ सॅटपेक्षा लहान रक्कम नोड पुढे पाठवतच नाहीत, त्यामुळे ते १५६ सॅट शुल्कातच गेले आणि परतीची रक्कम निर्माणच झाली नाही. अप्पांना या वेळी ठामपणे काही सांगता आले नाही. हे नाणे मी कोणाला दिले की माझ्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवले, हे साखळीवरून ठरत नाही. १५६ सॅट जास्त गेले. माझ्या दृष्टीने हा सौदा स्वस्तच आहे.

असे नेमके मापाचे नाणे दर वेळी हाताशी नसते, हे खरे. म्हणून मी आता दोन गोष्टी कटाक्षाने करतो. प्रत्येक नाण्याच्या टिपणात ते कोठून आले यासोबतच ‘हे माझे आहे, हे कोणाकोणाला ठाऊक आहे’ हेही लिहितो. आणि ओळखपत्र देऊन एक्स्चेंजवरून घेतलेली नाणी एका खात्यात, मित्रांकडून आलेली दुसऱ्या खात्यात ठेवून त्यांची परतीची रक्कमही त्याच खात्यात राहू देतो. ही टिपणे बीआयपी ३२९ च्या (बीआयपी म्हणजे बिटकॉइनमधील सुधारणांचे क्रमांकित प्रस्ताव) नमुन्यात बाहेर काढता येतात, त्यामुळे वॉलेट बदलले तरी ती वाया जात नाहीत. मात्र ती फाइल स्वतःच फार संवेदनशील असते. ती कूटबद्ध करूनच ठेवावी.

साखळीइतकीच काळजी जाळ्याचीही घ्यावी लागते. वॉलेट परक्या सर्व्हरला जोडले की आपले सगळे पत्ते तो एकाच ठिकाणाहून विचारले जाताना पाहतो, सोबत आपला आयपी पत्ताही. मग नाण्यांची कितीही निगुतीने निवड केली तरी त्या सर्व्हरच्या मालकापुढे ती व्यर्थ ठरते. म्हणून स्वतःचा नोड हवा. बिटकॉइन कोर या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे जुने गठ्ठे, टाकून देऊन ब्लॉकची साठवण ५५० मेगाबाइटपर्यंत खाली आणता येते, त्यामुळे जुना लॅपटॉपही चालतो. सुरुवातीला संपूर्ण साखळी तपासावी लागते, ते मात्र टळत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी तो लॅपटॉप चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते, म्हणून तो रात्रीच चालतो. वीज गेली तर व्यवहार थांबवायचा, तेवढ्यापुरता परका सर्व्हर जोडायचा नाही, हा नियम आम्ही चौघांनीही पाळला. व्यवहार बाहेर पाठवण्यासाठी टॉरचा, म्हणजे आयपी पत्ता झाकणाऱ्या जाळ्याचा, वापर केला.

अनेकांची नाणी एकमेकांत मिसळण्याच्या सेवा वापराव्यात का, असे काही मित्र विचारतात. अनेकांनी मिळून एकच व्यवहार करण्याची कॉइनजॉइनची कल्पना ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०१३ मध्ये मांडली आणि तंत्र म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे. परंतु एप्रिल २०२४ मध्ये अशी सेवा देणाऱ्या सामुराई वॉलेटच्या संस्थापकांना अटक झाली, त्यानंतर तशाच वासाबी वॉलेटच्या मूळ कंपनीनेही आपली समन्वय सेवा बंद केली. खऱ्या पैशांनी तिकडे जाण्याची मला गरज वाटत नाही. माझी धडपड शेजारी, दुकानदार आणि खंडणीखोर यांच्यापासून शिल्लक झाकण्याची आहे. कर मात्र चुकवायचा नाही. भारतात अशा नाण्यांवरील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि विवरणपत्रात हे सारे दाखवायचेच असते. नाण्यांची नीट टिपणे असली की तेही काम सोपे होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलेच आहे. कर भरणे आणि आपली तिजोरी चव्हाट्यावर न मांडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

मोनेरो या दुसऱ्या आभासी चलनात रक्कम झाकलेली असते आणि प्रत्येक खर्च १६ नाण्यांच्या गटात दडवला जातो, त्यामुळे वरचे बरेच कष्ट तेथे वाचतात. तरीही मी सध्या बिटकॉइनवरच थांबलो आहे, कारण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांकडे तेच आहे.

पुढचा सराव पेजॉइनचा. यात पैसे घेणाराही आपले एक नाणे व्यवहारात घालतो. ताईंनी २०,००० चे नाणे घातले, तर त्यांच्याकडे जाणारी रक्कम ८०,००० दिसेल. ६०,००० हा आकडा साखळीवर कोठेच नसेल आणि ‘आत आलेली सगळी नाणी एकाची’ हा अप्पांचा पहिलाच निष्कर्ष चुकेल. बीआयपी ७८ च्या पद्धतीत त्या वेळी घेणाऱ्याचा सर्व्हर चालू असावा लागतो. बीआयपी ७७ मध्ये ती अट नाही, म्हणून आम्ही तीच पद्धत घेणार आहोत. अप्पांना या वेळी पत्ता न देता फक्त ब्लॉकचा क्रमांक द्यायचा, असे ठरले आहे.