माग थांबले आणि हमिंग ऐकू आलं

आमच्या मागच्या भिंतीला लागून सहा पॉवरलूम आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात यात विशेष काही नाही, भिंतीपलीकडे कुणाचे ना कुणाचे माग असतातच. त्या खटखटीची इतकी सवय झालीय की एखाद्या पाहुण्यानं विचारलं तरच ती आहे हे आठवतं. सुट्टीला माग थांबले की मात्र घर परक्याचं वाटायला लागतं. पंख्याची किरकिर कळते, शेजारच्या अण्णांच्या घरातलं तेलुगू भांडण शब्दन्‌शब्द कळतं. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सुट्टीला मला माझ्याच स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज आला. गाणं बंद होतं. म्हणजे महिनाभर हा आवाज रोज येत होता आणि मागांनी तो झाकून ठेवला होता.

आधी सामान सांगतो. अँप्लिफायर सोनोडाइनचा, अप्पांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला. त्याची मूळ वायर उंदरानं कुरतडली तेव्हा मी तीन पिनची बसवून घेतली (ही वायर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे). स्पीकर लाकडी खोक्यांचे. सीडी प्लेअर माझा, तो आता मनात आलं तर डिस्क वाचतो, नाहीतर तोंड उघडून बसतो. आणि डॅक, म्हणजे गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग? तो मुलीचा. ती पुण्याला शिकते. तिच्या नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही, म्हणून तिनं आत डॅक असलेलं, बोटभर लांबीचं एक डोंगल घेतलं होतं. मे महिन्यात आली तेव्हा टेबलावर विसरून गेली. आठवडाभर ते तिथंच पडून होतं. मग एका दुपारी मी नव्या पेठेतून १८० रुपयांची वायर आणली, एका टोकाला साडेतीन एमएम पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना, आणि डोंगल अँपच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरची वस्तू जोडायच्या भोकांना, जोडलं.

डॅक म्हणजे काय हे बायकोला सांगताना मला अप्पांचा धंदा उपयोगी पडला. अप्पा जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे, पत्ते पंच करायचे. चादरीवरचं फूल आधी ग्राफच्या कागदावर चौकोनांत भरायचं, मग त्याचे पत्ते पाडायचे. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे खाली राहतो. पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे कितीही बघा, फूल दिसत नाही. ते दिसतं पत्ते मागावर चढल्यावर. गाण्याची फाइल हा असाच पत्त्यांचा गठ्ठा. सीडीच्या मापात सांगायचं तर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक १६ बिटचा, डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे. डॅक त्या आकड्यांवरून व्होल्टेज विणतो. एका जागी मात्र उपमा उसवते. चादरीतल्या पाकळीची कड जवळून बघितली तर पायऱ्यापायऱ्यांची असते. डॅकमधून बाहेर येणाऱ्या आवाजात तशा पायऱ्या उरत नाहीत, शेवटचा फिल्टर त्या घालवतो. 'डिजिटल म्हणजे तुकडे तुकडे' म्हणणाऱ्यांनी एकदा एवढं समजून घ्यावं.

बायको म्हणाली, "म्हणजे हे एवढंसं आणि तुमचा तो डबडा प्लेअर, दोघं एकच काम करतात?" हो, बाई. प्लेअरच्या पोटात मोटर असते, लेन्स असते आणि शेवटी एक डॅक असतो. तो शेवटचा भाग तेवढा डोंगलमध्ये.

ते हेडफोनसाठी बनवलंय, अँपला चालतं का, ही माझी पहिली शंका होती. छान चालतं. हेडफोन ३२ ओहमचा असला तर डोंगलला जोर लावावा लागतो. अँपच्या ऑक्सचा इनपुट हजारो ओहमचा, तिथे त्याला जवळपास काहीच ओझं नाही. फरक फक्त व्होल्टेजचा. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, मुलीचं डोंगल १. निम्मं व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल कमी. त्यावर उपाय म्हणजे अँपचा नॉब थोडा पुढे न्यायचा, संपलं. फोनचा आवाज मात्र पूर्ण वर ठेवायचा आणि कमी-जास्त अँपवरच करायचं. मी आधी उलटं करत होतो. फोन निम्म्यावर, अँप फुल्ल. त्यामुळे अँपची स्वतःची खरखरही फुल्ल. शिवाय कुणीतरी व्हॉट्सअॅपवर 'सुप्रभात' टाकलं की भीमसेनांच्या विलंबितात मधेच असं 'टिंग' व्हायचं की देवघरातल्या आईच्या हातची उदबत्ती पडली. तेव्हापासून गाण्याला जुना फोन वेगळा काढलाय, त्यात सिम नाही.

आता हमिंग. जुना फोन हाती येण्याआधी मी डोंगल लॅपटॉपला लावत होतो आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरवर. सुट्टीच्या त्या दिवशी आधी मी वायर हलवून बघितली. मग डोंगलला शिव्या घातल्या, मुलीला फोन करून "हलका माल घेतलास" असंही म्हणून झालं. मग सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं गायब. पुन्हा लावला, घूं हजर. चार-पाचदा करून बघितलं, लहान पोर फ्रीजचा दिवा बघतं तसं.

कारण सरळ आहे. अँपला तीन पिनची वायर, म्हणजे तो अर्थला जोडलेला. चार्जरही तीन पिनचा, तोही अर्थला. आणि मधे माझी १८० रुपयांची वायर दोघांची जमीन (ग्राउंड) एकमेकांना जोडतेय. झाला एक मोठा वळसा. त्या वळशातून विजेची ५० हर्ट्झची लहर फिरते आणि अँप तिला गाणं समजून वाढवतो. उंदरानं वायर कुरतडली नसती तर कदाचित हे कधी कळलंही नसतं. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावल्यावर घूं बरीच कमी झाली, पण मग खालून दुसराच आवाज निघाला. माउस हलवला की बारीक 'चिर्रर्र'. तो लॅपटॉपच्या आतला कचरा, यूएसबीतून येणारा. शेवटी बॅटरीवरचा जुना फोन हाच खरा उपाय ठरला. बॅटरी म्हणजे अर्थ नाही, अर्थ नाही म्हणजे वळसा नाही. एकच त्रास, एकाच भोकात डोंगल असल्यामुळे गाणं चालू असताना फोन चार्ज होत नाही. एक मेहेरबानी करा, कुणी सांगितलं म्हणून अर्थची पिन कापू नका. घूं जाईल खरी, पण अँपच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जाईल. लॅपटॉपच वापरायचा असेल तर आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, आत ट्रान्सफॉर्मर असतो. स्वस्तातली थोडा बास खाते म्हणतात, मी घेतली नाही.

सीडी प्लेअर आणि डोंगल यांत सरस कोण, हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. प्लेअर. त्याच्या आवाजात 'जीव' होता. मग ६ डेसिबलचं गणित डोक्यात आलं आणि लाज वाटली. थोडा मोठा आवाज कानाला बहुतेकदा चांगला वाटतो. मग मी १ किलोहर्ट्झचा सूर दोन्हीकडून वाजवला, फोनच्या अॅपवर आवाज मोजला आणि नॉबच्या दोन जागा ठरवल्या. खुणेला बायकोनं कपाळाला लावायच्या दोन टिकल्या पाकिटातून काढून दिल्या. अँपच्या चांदी रंगाच्या पट्टीवर प्लेअरची लाल आणि डोंगलची हिरवी. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. ती मनाला येईल तसं बटण फिरवायची, नॉब त्या टिकलीवर आणायची आणि विचारायची, "अहो, सांगा कोण?" दहातली सहा बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. तिला एकदाही फरक कळला नाही आणि तिनं तो कळल्याचं सोंगही केलं नाही.

त्यानंतर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असल्या जाहिराती मी शांतपणे वाचतो. १६ बिटमध्येच ९६ डेसिबलची उंची-खोली मावते. एप्रिलमध्ये कूलर चालू आणि माग चालू असताना माझ्या खोलीत काही न वाजवता अॅप ६० च्या पुढे दाखवतं. त्या साठाच्या खाली कितीही बारीक जरीकाम केलं तरी ते बघणार कोण? पैसे घालायचेच असतील तर स्पीकरवर घाला. मी तर फुकटात स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढले आणि समोरच्या भिंतीवर जाड चादर टांगली. त्याचा फरक अण्णांनाही कळला. ते म्हणाले, "सर, तबला आता आमच्याकडं कमी येतोय, थोडं वाढवा की."

दिवाळीला मुलगी आली. "बाबा, माझं डोंगल?" हुतात्मा एक्स्प्रेसला पोहोचवून घरी आलो तर अँपमागे साडेतीन एमएमची पिन उघडी लोंबत होती. पोर्टेबल वस्तू घरच्या सिस्टिमला लावण्यातला हा एकच मोठा दोष, ती चालायला लागते.

मग स्वतःचं घेतलं. आत सिरस लॉजिकची सीएस ४३१३१ चिप, २ व्होल्टपर्यंत देणारी. त्याला ४.४ एमएमचं बॅलन्स्ड भोकही आहे. ते आरसीएला जोडायचा मोह होतो, पण तिथे दोन्ही तारा जिवंत असतात आणि साध्या अँपला त्यातली एक थेट जमिनीला टेकते, डोंगल जळू शकतं. साडेतीनचंच वापरा. आडवी वायर त्याला खाली ओढते, म्हणून कपाटाच्या कडेला सुताची गाठ मारून ते बांधून टाकलंय. आता नॉब लाल टिकलीवरच राहतो. हिरवीचं काम नाही. नखानं काढून बघितली, निघाली नाही.