टोकियोतली सार्वजनिक न्हाणीघरं आणि त्यात कोण मावतं

सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. ऑन्सेनशी गल्लत नको, ते जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं, हे साधं पाणी तापवून. आणि गंमत म्हणजे तिकीट किती लावायचं ते मालक ठरवत नाही, सरकार ठरवतं, 1946 च्या किंमत नियंत्रण आदेशापासून हे असंच चालू आहे. टोकियोत 2024 मध्ये दर 550 येन झाला, मग तुम्ही कंपनीचे डायरेक्टर असा नाहीतर बिनबाथरूमच्या खोलीत राहणारे स्टुडंट.

हो, कपडे सगळे काढायचे. आईने फोनवर पहिलं तेच विचारलं आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.

पण आत गेल्यावर कळतं की लाज कमी होते ती मांडणीमुळे. आधी साबण लावून स्वच्छ व्हायचं, मगच टबात उतरायचं, आणि ही आंघोळ बसून. नळ गुडघ्याच्या उंचीला, समोर आरसा, खाली ठेंगणं स्टूल आणि पिवळं प्लास्टिकचं पसरट भांडं, ज्याच्या तळाशी केरोरिन नावाच्या वेदनाशामक औषधाची लाल अक्षरातली जाहिरात (1963 पासून तीच!). सगळ्याजणी आपापल्या आरशाकडे तोंड करून बसलेल्या, मग कोण कोणाकडे बघणार. फक्त त्या स्टुलावरून उठताना म्हाताऱ्या बायकांचे हाल होतात, शेजारच्या आजी नळाला धरून उठत होत्या, तो नळ गरम पाण्याचा. नवीन रिनोव्हेट केलेल्या काही ठिकाणी उंच खुर्च्या आणि टबाला दांडे दिसतात, तेवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

दुसरा मोठा बदल पैसे घ्यायच्या गल्ल्याचा. जुन्या सेंतोत मालक मधोमध उंच बैठकीवर बसायचा, तिला बंदाई म्हणतात, तिथून बायका-पुरुष दोन्हीकडच्या कपडे बदलायच्या खोल्या दिसायच्या. तरुण मुलींना हे कसं चालणार? म्हणून आता काउंटर बाहेर लॉबीत आला, आणि मग त्या लॉबीत नवरा, बायको, पोरं, शेजारीपाजारी आंघोळीनंतर एकत्र बसून दूध पितात, आपल्या चाळीच्या गॅलरीत बसावं तसं. टोकियोतल्या किंशिचो भागाजवळचं 1932 चं कोगानेयू नावाचं सेंतो आर्किटेक्ट जो नागासाकाने 2020 मध्ये नव्याने केलं, तिथं तर काउंटरवर बिअर मिळते. टॅटूवाल्यांनाही बऱ्याच ऑन्सेनमध्ये नो एंट्री असते, सेंतोत बहुतेक ठिकाणी कोणी काही म्हणत नाही.

पण दारावर पडदे दोनच, पुरुष आणि बायका. ज्याच्या बायकोला अर्धांगवायू झालाय त्याने तिला आत कसं न्यायचं? ट्रान्स व्यक्तीने कुठला पडदा उचलायचा? 2022 पासून टोकियोत सात वर्षांच्या मुलालाही आईबरोबर नेता येत नाही, त्यामागचं कारण पटतं मला, पण एकट्या आईने काय करायचं याचं उत्तर त्या नियमात नाही. आतून कडी लागेल अशी एक छोटी फॅमिली खोली दिली तर यातलं निम्मं सुटेल, बिअर नंतर बघू.

मालकांचंही खोटं नाही म्हणा. 1968 च्या सुमारास टोकियोत अडीच हजारांवर सेंतो होते, आता पाचशेसुद्धा नाहीत, गॅस महाग, पोरं धंद्यात यायला तयार नाहीत, आणि गरिबाला परवडावं म्हणून सरकारने बांधून दिलेल्या त्याच दरात ही जास्तीची खोली बांधायची कशी?