सात नंबरचा माग

मंगळवारी मी बसवलेले माग मीच उकलले. तीस वर्षं जॉबर आहे, म्हणजे माग बसवणारा आणि दुरुस्त करणारा. बंद पडलेला माग चालू करायचे पैसे घेत आलो, कायमचा बंद करायचे पहिल्यांदाच घेतले.

सोलापूरच्या साखर पेठेतला कारखाना, बारा जकार्ड माग, म्हणजे नक्षी विणणारे, सोलापुरी चादरीचे. आडवा धागा घेऊन धावणारा धोटा पेटीत शिरताना मऊ ‘ठक्’ यायला हवा. कडक आला म्हणजे धोटा उसळतोय. उशिरा आला तर ताण्यातच, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकतो आणि शेकडो धागे तोडतो. सात नंबरचा आवाज जमायला मला अख्खी रात्र लागली होती. नवी पोरं कान लावत नाहीत, नुसता पाना फिरवतात. भंगारवाल्याच्या काट्यावर सात नंबर बाकीच्यांइतकाच भरला.

मालकांचे पणजोबा दुष्काळात तेलंगणातून चालत आले. १८६० ला इथे रेल्वे, १८७७ ला ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी, आणि त्याच सुमाराला दख्खनचा मोठा दुष्काळ. रानात दाणा नाही, इथे हाताला काम. पेठा भरल्या त्या अशा.

“मामा, कामगारच मिळत नाहीत हो,” मालक म्हणाले. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटनी मारलं, सुतानं मारलं, हे खरंच आहे. पण कामगार मिळत नाहीत ते त्या मजुरीत. हे मी तोंडावर बोललो नाही. माझाच पोरगा चाकणला आहे. मागच्या वर्षी सुपरवायझरशी भांडून त्यानं कंपनी सोडली, आठ दिवसांत रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कंपनीत लागला. मी रागावलो, मग आठवलं, तरुणपणी मीही हेच करायचो. सकाळी पाना आपटून निघालो की दुपारी शेजारच्या गल्लीत काम धरायचो. आता त्या गल्लीत दोन मंगल कार्यालयं आहेत.

टेम्पो भरल्यावर मालकीणबाई मोराच्या डिझाइनची पुठ्ठ्यांची माळ घेऊन आल्या. या पुठ्ठ्यांच्या भोकांवरूनच जकार्ड नक्षी उचलतो. रद्दीत द्यायला मन होईना. “कुणाच्या मागावर चालते का बघा ना, मामा.”

शुक्रवारी अशोक चौकातल्या एका चालू कारखान्यात नेली. त्यांच्या जकार्डचे हूक वेगळे, पुठ्ठ्याची भोकं जुळेनात. माळ सध्या माझ्या कपाटावर आहे. बाईंना अजून सांगितलेलं नाही.