ओटीपी पप्पांच्या नंबरवर जायचा

पप्पा २०२२ ला गेले तेव्हा मी अकरावीत होतो. घरी आजी, लहान बहीण आणि मी. मम्मीचं विचारू नका. बारावीला बीकेत (बुक-कीपिंग, हिशेबाचा विषय) उडालो, जुलैच्या पुरवणी परीक्षेत कसाबसा निघालो, पण तोपर्यंत वाशीच्या फळ मार्केटला एका गाळ्यावर लागलो होतो. आंब्याच्या सीझनला अर्ध्या रात्री गाडी लागते, पेट्या उतरवायच्या आणि मग हिशेब लिहायचा (बीके नापास पोरगा हिशेब लिहितोय हे शेठला कधी सांगितलं नाही). सीझन उतरला की पोरं कमी करतात, तसं मलाही केलं, आणि २०२४ च्या जूनपासून मी घरी.

तुर्भ्याला आमच्या चाळीमागे पत्र्याची एक अभ्यासिका आहे. तिथं संध्याकाळी एक ताई बसायच्या, पोरांचे फॉर्म भरून द्यायच्या. मी जायचो ते पंख्याखाली मोबाईल चार्ज करायला. एक दिवस म्हणाल्या, "अरे, चार्जिंग झालं असेल तर इकडे ये, बारावी पास आहेस ना?" मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना तेव्हा नवीनच आली होती. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नको. बारावी पासला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८, ग्रॅज्युएटला १०. सहा महिने ऑफिसात नाहीतर कंपनीत राहून काम शिकायचं आणि पैसे सरकार थेट खात्यात टाकणार. मला वाटलं ६ हजारात काय होतंय, मार्केटला सीझनमध्ये याच्यापेक्षा जास्त सुटायचे. पण सीझन नव्हताच, आणि आजीचे गुडघे रोज विचारत होते.

महास्वयमवर, म्हणजे सरकारच्या रोजगाराच्या वेबसाईटवर, नोंदणी करायची, त्यात अवघड काही नाही. अडकलो आधारला. माझं आधार पाकिटात राहून राहून इतकं पुसलं होतं की शेवटचे चार आकडे दिसेनात, म्हणून नवीन डाऊनलोड करायला गेलो तर ओटीपी येईचना. ताईंनी विचारलं, आधारला नंबर कुठला दिलाय. पप्पांचा. शाळेत असताना त्यांनीच काढलेलं. ते गेल्यावर सिम कुणी रिचार्ज केलं नाही. मी सहज तो नंबर लावून बघितला तर कुणीतरी हिंदीत बोलणारा माणूस, मागे लहान पोर रडतंय. "रॉंग नंबर" म्हणून ठेवला. त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही.

खरं तर हे काम एकदम साधं होतं. मोबाईल नंबर बदलायला कुठला कागद लागत नाही, आधार केंद्रावर स्वतः जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, तेव्हा ५० रुपये होते. मी दोन महिने हे एजंटकडून करायला लागतं असं धरून बसलो होतो, आमच्याकडे एक जण त्याचे पाचशे घेत होता. ताई माझ्याबरोबर लायनीत उभ्या राहिल्या, दीड तास, अर्धा वेळ फोनवर कुठल्यातरी मुलीला ओरडत होत्या की दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून घे म्हणून. डोमिसाईलला शाळा सोडल्याचा दाखला होताच, ते ऑनलाईन टाकलं, थोडा वेळ लागला पण आलं.

सप्टेंबरमध्ये एका सरकारी ऑफिसात लागलो. पहिला आठवडा खुर्चीच नव्हती, रेकॉर्डच्या कपाटाला टेकून उभा. मग एका क्लार्क मॅडमनी जुन्या फाईलींची यादी एक्सेलमध्ये करायला दिली आणि माझं नशीब उघडलं, कारण गाळ्यावरचा हिशेब आणि हे सेमच, रकाने फक्त वेगळे. मराठी टायपिंग मात्र एका बोटाने.

पहिल्या महिन्याचे पैसे आले नाहीत. दुसऱ्याचेही नाही. बरोबरच्या पोरांना येत होते. ऑफिसात विचारलं तर म्हणे वरून टाकलेत, बँकेत विचारलं तर म्हणे इथे काही आलं नाही. आजीला वाटायला लागलं मी नोकरीला जातो म्हणून सांगून कुठेतरी भटकतोय. ताई म्हणाल्या, शाळेत स्कॉलरशिपसाठी कधी खातं काढलेलंस का? काढलेलं, सातवीत, दुसऱ्याच बँकेत. सरकारी पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातील असं नसतं, ज्या बँकेत आधार सीडिंग झालंय, म्हणजे आधार नंबर ज्या खात्याला जोडलाय, तिकडे जातात. ट्रंकेतून पासबुक काढलं, मशीनमध्ये घातलं, कर्र कर्र करत दोन ओळी छापून आल्या. ६०००, ६०००. मी तिथेच हसायला लागलो, सिक्युरिटीवाला बघत राहिला. आता हे नोंदणीच्या वेळी कुणी सांगायला काय जातं? एक ओळ आहे.

सहा महिने फेब्रुवारीत संपत होते, मग मुदत वाढवून अकरा महिने केली. संपल्यावर सर्टिफिकेट मिळतं, नोकरी मिळतेच असं नाही, हे आधीच डोक्यात ठेवा, आमच्यातले काही उगाच पर्मनंटच्या आशेवर बसले. मी सध्या महापेला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, स्टॉकच्या एंट्र्या करतो, आणि मराठी ३० च्या (मिनिटाला ३० शब्द) टायपिंग परीक्षेचा क्लास लावलाय. दहा बोटं अजून बसत नाहीत, 'ज्ञ' आला की थांबतो.

आजी अजून विचारते, त्या ऑफिसवाल्यांनी परत बोलावलं का रे.