पंचेचाळीसचा स्पीड

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "माझं नाव कुठल्या यादीतून काढलंत, सर?" ते म्हणाले, "यशस्वी माजी विद्यार्थी." मला हसूच आलं. मी म्हणजे दहावी 'क'मधला शेवटच्या बाकावरचा. मार्च १९८५ला गणित आणि इंग्रजी दोन्हींत गचकलो. ऑक्टोबरच्या वारीत गणित सुटलं, इंग्रजीसाठी पुन्हा पुढचा मार्च. विषयही सरांनीच दिला : चिकाटी आणि नशीब. आमच्या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर आठवड्यातून तीनदा तरी 'प्रयत्नांती परमेश्वर' असायचं. फळा लिहिणाऱ्या पोराला बहुतेक तेवढाच सुविचार पाठ होता.

माझ्या डोक्यात चिकाटी शिरली ती फळ्यावरून नव्हे, पीटीच्या सरांमुळे. कराडपासून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर. त्यामुळे ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे पैलवान खाशाबा जाधव आमच्यासाठी पुस्तकातले नव्हते, शेजारच्या गावचे होते. पाऊस लागला आणि मैदानावर जाता येईना, की सर त्यांची गोष्ट काढायचे. पण पदकापासून कधीच सुरुवात नाही. सुरुवात १९४८च्या लंडन ऑलिंपिकपासून. मातीत खेळलेला गडी परमुलखात मॅटवर उतरला आणि सहावा आला. "सहावा!" असं म्हणून सर आमच्याकडे बघत थांबायचे. आमच्या तुकडीत सहावा नंबर म्हणजे चैन होती, त्यामुळे यात वाईट वाटून घेण्यासारखं काय, ते आम्हाला कळायचं नाही. मग चार वर्षांची मेहनत, १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नाहीत म्हणून दारोदार फिरणं, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून दिलेले सात हजार रुपये. तिथे ५७ किलो गटात ब्राँझ. आणि शेवटी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. बैलगाड्या आल्या की तास संपायचा.

१४ ऑगस्ट १९८४ला खाशाबा अपघातात गेले. स्वातंत्र्यदिनानंतर शाळा भरली तेव्हा सर आमच्या वर्गावर आले आणि एरवी गाळायचे तो भाग त्यांनी त्या दिवशी सांगितला. हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची कुस्ती लांबली. अंगात त्राण नाही. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा द्यायचा नियम होता, पण लगेच सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावलं. "आणि हा नियम आहे असं सांगायला," सर म्हणाले, "तिथं आपला एक माणूस हजर नव्हता." एवढं बोलून ते खिडकीपाशी गेले. वर्गात चिडीचूप. मला तेव्हा त्यातलं निम्मं कळलं. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर मिळाला, ते वाचलं तेव्हा उरलेलं कळलं.

दहावी कशीबशी सुटल्यावर १९८६च्या जूनमध्ये वडिलांनी मला कराडला टायपिंगच्या क्लासला घातलं. आपल्याच वर्गातला माझा दोस्तही आला. (नाव छापू नकोस म्हणालाय.) सकाळी सहाची बॅच. शेजारी-शेजारी मशीन. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पहिला महिना एवढंच. माझ्या मशीनचं 'ई' अक्षर अर्धं झिजलेलं, त्यामुळे माझं सगळं इंग्रजी 'सी'त उमटायचं. तशीही मला फरक पडावा अशी स्पेलिंगं येत नव्हती. दोस्ताची बोटं मात्र पावसासारखी चालायची. त्याचं टायपिंग ऐकत मी माझा ताल धरायचो.

परीक्षेला आपापलं मशीन केंद्रावर न्यायचं असायचं. क्लासवाले टेम्पो करायचे आणि मागे आम्ही मशीन मांडीवर घेऊन बसायचो, लेकरू धरावं तसं. इंग्रजी तीसला, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला, मी पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदाही नापास. दुसऱ्या वेळी रिबन अडकली हे खरं, पण नसती अडकली तरी मी पास झालो असतो असं शपथेवर सांगता येणार नाही. दोस्त तीस आणि चाळीस दोन्ही पहिल्या फटक्यात पास. तरी तो क्लासला येत राहिला, नोकरीचे अर्ज करत राहिला आणि माझ्या चुका लाल पेन्सिलीने काढत राहिला. तीन वर्षांत त्याचा एक खाडा मला आठवत नाही. माझे पुष्कळ.

१९८९चा जुलै. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. माझं गाव हमरस्त्याला. एसटी आली नाही, पण दुधाचा टेम्पो आला आणि ड्रायव्हरने कॅनांच्या मध्ये जागा दिली. दोस्ताचं गाव ओढ्यापलीकडे. ओढ्याला पाणी, एसटी बंद, दुधाचा टेम्पोही अलीकडेच थांबलेला. क्लासमध्ये मी एकटा. आठच्या सुमारास एक वकीलसाहेब छत्री झटकत जिना चढून आले. त्यांचा टायपिस्ट आला नव्हता आणि दाव्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. निवड करायला त्यांच्यापुढे फार काही नव्हतं.

चौदा पानं, मराठीत. एक मूळ प्रत आणि चार कार्बन. ज्यांनी हे केलंय त्यांनाच ते दुखणं ठाऊक. एक अक्षर चुकलं की रोलर वर घ्यायचा, प्रत्येक कार्बनमागे कागदाचा कपटा सरकवायचा, पाचही प्रती गोल रबराने खोडायच्या, कपटे काढायचे आणि तेच अक्षर नेमक्या त्याच जागी मारायचं. रात्री साडेनऊला शेवटचं पान निघालं तेव्हा बोटं निळी झाली होती. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून सगळं वाचलं आणि म्हणाले, "स्पीड नाही तुला. पण पान सोडत नाहीस."

पुढचं भराभर सांगतो. त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून राहिलो. त्यांनीच शॉर्टहँडला घातलं. इंग्रजीशी माझं वाकडं, म्हणून मराठी शॉर्टहँड. लोक म्हणायचे, कोर्टात याला विचारतो कोण. जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून लागलो आणि जुलै १९९८मध्ये खालच्या न्यायालयांची भाषा मराठी करणारी अधिसूचना निघाली. ज्या विषयात नापास झालो त्याचाच असा फायदा होईल, हे माझ्या कुंडलीतसुद्धा नसावं. निवृत्तीला आता दोन वर्षं राहिली आहेत.

दोस्त दोन वर्षं आणखी अर्ज करत राहिला. मग मुंबईला गेला, गोदीजवळ एका गोदामात हिशेब लिहायला लागला, पुढे स्वतःचा टेम्पो घेतला. पोरं शिकली, घर झालं, त्याचं काही अडलं नाही. पण चिकाटीचं बक्षीस द्यायचं झालं तर ते त्याचं होतं, आणि ज्या सकाळी बक्षीस वाटायला माणूस आला त्या सकाळी ओढ्याला पाणी होतं. अध्यक्षीय भाषणात 'मेहनतीला फळ मिळतंच' हे वाक्य आलं की मी अजूनही चुळबुळतो. सरांचं 'हजर नव्हता' मला जास्त पटतं, आणि हजर राहणं दर वेळी आपल्या हातात असतं असं तर सरही म्हणाले नव्हते.

हे लिहून झाल्यावर त्याला फोनवर वाचून दाखवलं. म्हटलं, तुझ्याबद्दल आहे, नको असेल तर काढतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे कुठेतरी टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "पण चाळीस लिहिलंयस ते परीक्षेचं. माझा स्पीड पंचेचाळीस होता. तेवढं नीट कर."