शीळवाला आणि डराववाला

परवा दुपारी जेवून पडवीत लवंडलो होतो, तोच पुतण्याने आंबोलीहून घरच्या ग्रुपवर आवाज धाडला. शीळकरी कस्तूर, माणसासारखी शीळ घालणारं पाखरू. लगेच खाली जोडलेले हात, फुलं, बदाम. मागे बेडूक जीव तोडून ओरडत होते, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उलट वहिनींनी विचारलं, "ते मागचं डरावडराव काढता नाही का रे येत?"

कस्तूर गातो छानच, वाद नाही. झुंजूमुंजू व्हायच्या आधी, ओहोळाच्या कडेला, शाळेची वाट मुद्दाम लांबवणाऱ्या पोरासारखा. पण एक चाल धड पुरी करेल तर शपथ. अर्धी सोडतो, दुसरीच धरतो. आम्ही घरात शीळ घातली की आजी खेकसायची, "शीळ घालू नको, सरप येतलो!" याला मात्र सगळं माफ.

आजी बेडकांच्या पक्षातली. मृगाच्या तोंडावर विहिरीकडे आवाज सुरू झाला की सूप तसंच खाली ठेवायची. "बेबे वरडतत, पावस इलो." मग शेणी, सरपण, वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायची एकच धांदल. पाखराच्या शिळेवर विसंबून कोणी सोलं आत घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि बेडूक ओरडतो तो तोंड मिटून, हे कितीजणांनी पाहिलंय? आंबोलीत रात्री टॉर्चच्या उजेडात एक झुडपी बेडूक बघितला होता, अंगठ्याच्या पेराएवढा. तोंड बंद, नाकपुड्या बंद, आतल्या आत हवा खेळवायची. गळ्याखालचा फुगा असा टरारला की मागे बेडूक उरला की नाही अशी शंका यावी. हा सगळा खटाटोप नराचा, मादीसाठी. कस्तुराचीही वीण पावसाळ्यातच, पण त्याचं ते गाणं आणि याचा तो कलकलाट. शास्त्राच्या दप्तरीही तोच न्याय: कस्तुराला नाव मिळालं १८३१ साली, आंबोलीच्या या झुडपी बेडकाला २००९ साली. रोज रात्री ओरडत असूनसुद्धा.

पहिल्या पावसानंतर हेच बेडूक घाटातल्या रस्त्यावर उतरतात आणि धबधबा बघायला निघालेल्या गाड्यांखाली चिरडतात. कस्तुराला निदान उडता तरी येतं.