रॅपर तेच, चॉकलेट वेगळं

अमेरिकेतल्या दुकानात ‘स्मार्टीज’ मागितल्या तर हातात येतात साखर दाबून केलेल्या आंबटगोड चकत्या. ब्रिटनमध्ये याच नावाने चॉकलेटच्या रंगीत गोळ्या मिळतात. कॅनडातही स्मार्टीज म्हणजे चॉकलेटच्याच गोळ्या, म्हणून अमेरिकन चकत्या तिथे ‘रॉकेट्स’ नावाने विकल्या जातात. ‘मिल्की वे’चा गोंधळ याहून मोठा. अमेरिकेतल्या मिल्की वेमध्ये कॅरॅमलचा थर असतो, युरोपातल्या मिल्की वेमध्ये नसतो. किटकॅट अमेरिकेत हर्शी बनवते, बाकी जगात बहुतेक ठिकाणी नेस्ले. तेव्हा ‘तिकडचं चॉकलेट वेगळंच लागतं’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या जिभेवर विश्वास ठेवा.

फरकाची सुरुवात कायद्यापासून होते. युरोपीय संघात मिल्क चॉकलेटमध्ये कोकोचे घन पदार्थ किमान 25 टक्के आणि दुधाचे 14 टक्के लागतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 20 टक्के कोको आणि 20 टक्के दूध असलं तरी ‘मिल्क चॉकलेट’ म्हणता येतं. बहुतेक युरोपात त्यालाच ‘फॅमिली मिल्क चॉकलेट’ म्हणावं लागतं. अमेरिकेत किमान 10 टक्के कोको मास आणि 12 टक्के दूध पुरतं. इथे बरेच जण 10 आणि 25 हे आकडे शेजारी ठेवून मोकळे होतात आणि फसतात. अमेरिकन आकड्यात फक्त कोको मास, म्हणजे दळलेली कोको बी मोजली जाते. युरोपीय आकड्यात वरून घातलेलं कोको बटर, म्हणजे कोको बीतली चरबी, तीही धरली जाते. फरक आहेच, पण दिसतो तितका नाही.

रॅपरवरच्या ‘70 टक्के’चंही तसंच. त्यात कोकोची पूड आणि कोको बटर दोन्ही आले. एकात बटर जास्त असेल तर ते मऊ आणि सौम्य लागतं, दुसऱ्यात पूड जास्त असेल तर कडू आणि घट्ट. आकडा एकच, चव दोन.

कोको बटरऐवजी दुसरं तेल घालायचं का, यावर युरोपात बरीच वर्षं वाद चालला. शेवटी 2000 च्या निर्देशाने तयार मालाच्या 5 टक्क्यांपर्यंत सहा वनस्पतींच्या स्निग्ध पदार्थांना परवानगी मिळाली: पाम, शिया, इलिपे, साल, कोकम आणि आंब्याची कोय. असं चॉकलेट इटली आणि स्पेनमध्ये ‘चॉकलेटचा पर्याय’ म्हणून विकायची सक्ती होती. 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. अमेरिकेत मात्र असं तेल घातलं की नुसतं ‘मिल्क चॉकलेट’ लिहिता येत नाही. तिथे पाकिटावर ‘चॉकलेटी’सारखा शब्द दिसला की मागची घटकांची यादी वाचाच.

माझ्या मते चवीचा खरा उलगडा दुधात आहे. चॉकलेटमध्ये पाणी चालत नाही. थोडंसं पाणी पडलं तरी साखर आणि कोको एकमेकांना चिकटून गोळा होतो. त्यामुळे दूध आधी सुकवावं लागतं, आणि ते कसं सुकवलं यावर चव ठरते. स्वित्झर्लंडमध्ये व्हेवेच्या डॅनियल पीटरने 1875 च्या सुमारास दुधाचं चॉकलेट जमवलं. युरोपात आज बहुधा दुधाची पावडर वापरतात, त्यामुळे चव ताज्या दुधाच्या, सायीच्या जवळची राहते. ब्रिटिश पद्धतीत दूध, साखर आणि कोको मास एकत्र आटवून वाळवतात. याला ‘क्रम्ब’ म्हणतात. आटताना दुधातली प्रथिनं आणि साखर यांची अभिक्रिया होते आणि खव्यासारखा खमंग, कॅरॅमलकडे झुकणारा वास येतो. काही अमेरिकन मिल्क चॉकलेटमध्ये दुधाचा स्निग्धांश थोडा फुटलेला असतो आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होतं. पार्मेझान चीजमध्ये असतं तेच हे आम्ल. ज्यांना सवय आहे त्यांना ही आंबूस झाक हवीशी वाटते, पहिल्यांदा खाणाऱ्याला माल खराब झाल्यासारखा वाटतो. तो खराब नसतो.

पोताचंही तसंच. रुडॉल्फ लिंटने 1879 मध्ये बर्नला चॉकलेट तासन् तास घोटण्याची पद्धत, म्हणजे काँचिंग, शोधली आणि गुळगुळीत चॉकलेटची सवय तिथून लागली. सिसिलीतल्या मोदिकाला ते मान्य नाही. तिथे मिश्रण साखर विरघळणार नाही इतपतच कोमट ठेवतात, त्यामुळे खाताना साखरेचे कण दाताखाली कुरकुरतात. तो त्या चॉकलेटचा गुण आहे, दोष नव्हे.

हवामानाचा हात शेवटी लागतो. नीट टेम्पर केलेलं, म्हणजे ठरावीक तापमानांना तापवून-निववून घट्ट केलेलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. उष्ण देशांत विकायच्या मालात अनेकदा जास्त तापमानाला वितळणारे स्निग्ध पदार्थ घालतात. वडी टिकते, पण तोंडात मेणासारखी राहते. परदेशातून आणलेल्या चॉकलेटवर पांढरी झाक आली तर बोटाने चोळून पाहा. गुळगुळीत, तेलकट लागली आणि पुसली गेली तर कोको बटर वर आलंय, खरखरीत राहिली तर ओल लागून साखर वर आलीये. दोन्ही खायला चालतात. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.

स्वयंपाकात हे सगळे फरक एकदम अंगावर येतात. अमेरिकन कृतीतलं ‘सेमीस्वीट’ किमान 35 टक्के कोको मासचं असतं. त्याजागी 70 टक्क्यांचं डार्क घातलं की साखर कमी आणि कोको जास्त होतो, आणि गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, फाटतं. डार्क चॉकलेटला वजनाने तितकीच क्रीम, मिल्क चॉकलेटला साधारण निम्मी, पांढऱ्याला एक तृतीयांश, हे प्रमाण धरून सुरुवात करा. टेम्परिंगला डार्क 31 ते 32 अंशांवर, मिल्क 29 ते 30 वर वापरा. दुधाचा स्निग्धांश कोको बटरला मऊ करतो, म्हणून मिल्कचं तापमान खाली. कोको बटरऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं ‘कंपाउंड’ मात्र खऱ्या चॉकलेटमध्ये मिसळू नका, नाहीतर वडी धड घट्ट होत नाही आणि लवकर पांढरी पडते. गनाश फाटलंच तर एक-एक चमचा कोमट दूध घालून मधोमध ढवळत राहा; चकाकी परत आली की दूध थांबवा.